नंदकुमारच्या गाडीची थडथड

नॉर्थ यॉर्क,
१७ जानेवारी २०१०

श्री. नंदकुमार यांस,

आशीर्वाद. सात वर्षांनी लिहितो आहे. फोन तू ताईचा घेतोस, माझा घेत नाहीस. ई-मेल तू उघडतच नाहीस असं अबोली सांगते. म्हणून हा कागद. तुझी ताई समोरच बसली आहे आणि लिहून झाल्यावर मला हे तिला वाचून दाखवायचं आहे, तेव्हा गोड लिहितो.

अबोलीचं लग्न ठरलं. मुलाचं नाव नंदन. इथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे, आईवडील नागपूरचे, बोलायला बरे आहेत. १९ जून, शनिवार, मिसिसागाचा हॉल. तू तिचा एकुलता एक मामा. मुलीला मंडपात मामाने आणायचं असतं, तेव्हा हे रीतसर आमंत्रण समज.

अर्थात तू राहतोस ते लव्हाल काही शेजारी नाही. साडेपाचशे किलोमीटर होतात. तुझी कंबर धरलेली असते असं ऐकतो. त्या कमरेने इतका प्रवास करायचा, वर हॉलमध्ये चार तास उभं राहायचं, याचा विचार तूच कर. आणि इथे हल्ली मामाच्या जागी कुणीही उभं राहतं. मंडळातल्या चारुदत्तने आजवर तीन मुली मंडपात आणल्या. उंच आहे, फोटोत बरा दिसतो.

जुनं काही उगाळायचं नाही. त्या वर्षी विसर्जनाला मी चारचौघांत जे बोललो ते बोलायला नको होतं, असं शुभदाचं, तुझ्या ताईचं, म्हणणं आहे. गणपतीच्या मूर्तीचा हात मोडला होता, सगळं मंडळ जमलेलं होतं, माणूस बोलून जातो. तू त्याच आठवड्यात आमचं चौदा वर्षांचं बेसमेंट रिकामं केलंस आणि गाडी ट्रेलरवर चढवून चालता झालास, हे जरा जास्तच झालं, असं माझं म्हणणं आहे. म्हणजे फिट्टंफाट.

तुझा,
अरविंद

ता. क. हे वाचून दाखवलेलं नाही. खरंच दगदग करू नकोस.


१४ फेब्रुवारी २०१०

नंदकुमार,

तुझं कार्ड मिळालं. ‘येतो. गाडी घेऊन येतो. बाकी अबोली सांगेल.’ चौदा वर्षं माझ्या घरी जेवलेल्या माणसाचं उत्तर पोस्टाच्या तिकिटाखाली मावतं!

बाकी अबोलीने सांगितलं. म्हणजे मी विचारलं तेव्हा सांगितलं. तू इथून गेल्यापासून ती दर रविवारी सकाळी तुला फोन करते, हे मला काल कळलं. सात वर्षं! मला वाटायचं, शनिवारी मुक्कामाला आलेली मुलगी रविवारी उशिरापर्यंत झोपते. दार बंद करून ती तुझ्याशी पिस्टन आणि बेअरिंगवर गप्पा मारत असते आणि मी खाली टेबलावर पोहे झाकून बसलेला असतो. मला ती फोन करते तेव्हा विचारते, ‘बाबा, डिड यू टेक युअर बीपी पिल?’ बस्स.

आणि तिला हॉलवर तुझ्या गाडीतून जायचं आहे. त्याच हिरव्या, एकतीस सालच्या फोर्डमधून, जी आपण ऑरेंजव्हिलच्या एका शेतकऱ्याच्या शेडमधून काढली होती. मी म्हणालो, लिमोझिन सांगतो, हिटर असतो. तर म्हणते, ‘जूनमध्ये हिटर कशाला, बाबा? अँड मामाज कार इज द ओन्ली कार.’

पण गाडी अजून थडथडतेच म्हणे. क्लच सोडायला लागलं की पहिल्या गिअरमध्ये सगळी गाडी हीव भरल्यासारखी हलते, मग वेग आला की गप्प. म्हणजे विसर्जनाच्या दिवशी होतं तेच. नऊवारी नेसलेली नवरी तिच्यात बसवून हॉलच्या दारात ती थरथर दाखवायची का? तेव्हा मोडायला मूर्तीचा हात होता, आता काय मोडायचं आहे?

तू मत विचारलेलं नाहीस, तरी देतो. मी तीस वर्षं लिफ्टच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, आणि पुण्याची डिग्री काही मी रद्दीत विकत घेतलेली नाही. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदल. जुनी होऊन मऊ पडली की क्लच धरताना इंजिन जागेवर डोलतं आणि थडथड होते. पुस्तकात आहे. सगळी रबरं बदल, एकही जुनं ठेवू नकोस.

अरविंद


७ मार्च २०१०

नंदकुमार,

रबरं बदललीस, फरक पडला नाही. कळलं. तू मला कळवलं नाहीस, अबोलीने जेवताना सांगितलं, तेही नंदनला. मी तिथे वरणाचं भांडं धरून उभा होतो.

तो नंदनही बिचारा आता मामा मामा करायला लागला आहे. तुला भेटलेला नाही, फोनवर एकदा बोललास त्याच्याशी, तर म्हणतो, ‘काका, मामा इज अ लेजंड!’ मी त्याला तीन वेळा घरी जेवायला बोलावलं, माझ्या पेटंटची चौकट दाखवली. त्याने ‘नाइस’ म्हटलं.

तुझ्यात असं काय आहे, मला खरंच समजून घ्यायचं आहे. मिरजेचा डिप्लोमा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं, मग इथे सिटी बसच्या डेपोत नाइट शिफ्ट. ताईने स्पॉन्सर केलं म्हणून आलास. लग्न केलं नाहीस, घर घेतलं नाहीस. आणि माझी मुलगी चार वर्षांची असल्यापासून शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बेसमेंटचा जिना उतरायची. मी ऑफिसातून येईपर्यंत तिचे हात काळे झालेले असायचे. मी भूमिती शिकवायला बसलो की जांभया. तू नटाचे आटे मोजायला लावलेस की तासभर डोळा हलायचा नाही.

असो. गाडीबद्दल. रबरं नाहीत तर फ्लायव्हील बघ. ज्या तोंडावर क्लचची प्लेट दाबली जाते ते तोंड तापून निळं झालं असेल, कुठे कठीण, कुठे मऊ, म्हणून प्लेट एकसारखी धरत नाही. इंजिन खाली घे, फ्लायव्हील काढ, लेथवर तोंड साफ करून घे. प्लेटही नवीन टाक. एकट्याने इंजिन काढताना कमरेला पट्टा बांध.

पट्ट्याचं शुभदाने लिहायला सांगितलं.

अरविंद


११ एप्रिल २०१०

नंदकुमार,

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही हॉलचा मेन्यू ठरवायला जाणार होतो. अबोली बसने लव्हालला गेली. चार दिवसांनी आली ती नखात ग्रीस घेऊन, आणि हळदीला जेमतेम दोन महिने उरलेत! पण चेहरा असा की माझ्या घरात मी तो किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. जेवताना सगळं तुझंच. मामाचा तो गल्लीतला डेपानेरवाला दुकानदार, मामा त्याला फ्रेंचमधून मिरच्या मागतो. मामा अजून स्वतः भाकरी थापतो. मामाने इंजिन साखळीने कसं एकट्याने उचललं. शुभदा डोळे पुसत होती आणि हसत होती. मी लोणचं वाढून घेतलं.

फ्लायव्हीलचं तोंड साफ करूनही गाडी थडथडते हे तिने सांगितलं. पुढे जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते पाठ झालं आहे.

‘बाबा, आय पुट अ डायल गेज ऑन इट. फ्लायव्हीलभोवतीचं हाऊसिंग इंजिनाला सरळ बसत नाहीये. वरच्या बाजूला इट्स ऑफ. समथिंग शुड बी देअर. पण मामा ऐकतच नाही.’

‘का ऐकत नाही?’ मी विचारलं.

‘कारण तुमची लिस्ट! ही हॅज इट लॅमिनेटेड, बाबा. म्हणतो, इंजिन सोडलं तेव्हा एकेक नट तुझ्या बाबांनी लिहून घेतलाय. त्यांनी लिहिलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतंच. म्हणतो, माझा हात चुकेल, अरविंदरावांची यादी चुकायची नाही.’

शुभदा म्हणाली, ‘बघा, अजून किती मानतो तुम्हाला.’

मी पाणी प्यायला उठलो.

नंदकुमार, मला वाटतं आता हा नाद सोड. त्या गाडीची हाडंच वाकली असतील. माणसाने कुठे थांबायचं हे ओळखावं. जूनपर्यंत उगाच इंजिन वरखाली करत बसलास तर तूच लग्नात खाटेवर असशील. कुणी घेणारा असेल तर देऊन टाक. अबोलीची समजूत मी काढेन.

हाऊसिंग पुन्हा उघडू नकोस. अबोली अजून पोरच आहे, गेज वाचता येणं म्हणजे सगळं कळणं नव्हे.

अरविंद


२५ एप्रिल २०१०

नंदू,

तुझं दुसरं कार्ड बुधवारी आलं. या वेळी पाच ओळी. गाडी एक मे रोजी त्र्वा-रिव्हिएरचा माणूस घेऊन जाणार. आणि तू लग्नाला येणार नाहीस. ‘ज्या हातांनी गणपती मोडला त्या हातांनी अबोलीला मंडपात आणायचं माझ्या मनाला पटत नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर, कुठे थांबायचं ते ओळखावं. चारुदत्तला सांगा.’

आता खरं लिहितो. शुभदा घरात नाही आणि असती तरी हेच लिहिलं असतं.

कार्ड वाचून मला आनंद झाला. नुसतं बरं वाटलं असं नव्हे, आनंद झाला. मी दुपारी श्रीखंडाच्या दोन वाट्या खाल्ल्या. लग्नात ती माझी असेल, सगळे माझ्याकडे बघतील, चारुदत्त काय, खांबासारखा उभा राहील. हे सगळं मी वाटी चाटताना मनात आणलं.

संध्याकाळी अबोली आली. मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि चेहरा दुःखी केला. ती रडली नाही. टेबलावर तिची लग्नाची फाइल होती, आमंत्रणं, फुलांचे नमुने, सगळं. तिने ती बंद केली, रबर लावलं आणि म्हणाली, ‘देन आय वॉक अलोन. नो चारुदत्त अंकल. मामा नाही तर कुणी नाही.’ मी म्हणालो, अगं, मी आहे की. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसं. ‘बाबा, यू डोन्ट इव्हन लाइक हिम.’ आणि गेली. तुझ्या ताईने तेवढ्यात स्वयंपाकघरातून मला विचारलं, ‘तुम्ही त्याला पत्रात काय लिहीत होतात?’ मी पेपर उघडला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

नंदू, हाऊसिंग वाकडंच बसलं आहे. अबोलीचं बरोबर आहे.

२००३ चा मे महिना आठव. आपण इंजिन उतरवलं होतं. तू सोडत होतास, मी एकेक वस्तू पुसून, चिठ्ठी बांधून, यादीत लिहून ट्रेमध्ये ठेवत होतो. हाऊसिंग सुटलं तेव्हा वरच्या दोन बोल्टांपाशी इंजिनाला दोन पट्ट्या चिकटलेल्या होत्या. कागदाइतक्या पातळ, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या. शिम. कारखान्यातूनच घातलेल्या, हाऊसिंग सरळ बसावं म्हणून. मी नखाने सोडवल्या, तेल पुसलं, आणि यादीत लिहायला पेन उचललं.

तेवढ्यात अबोली धावत आली. युनिव्हर्सिटीचं पाकीट आलं होतं. मेकॅनिकलला अॅडमिशन. तिने ते पाकीट तुझ्या हातात दिलं. तू गाडीखाली होतास, तुझे हात तेलाने बरबटलेले, तरी ती जमिनीवर आडवी झाली आणि तुझ्या हातात दिलं. मी चार फुटांवर उभा होतो. पेन हातात धरून. ‘मामा, आय गॉट इन!’ तू तिथूनच ओरडलास, तिला हसू आवरेना, आणि मग तूच म्हणालास, ‘अगं, बाबांना दाखव!’ तेव्हा दाखवलं. त्या कागदावर तोवर तुझा अंगठा उमटला होता.

मी अभिनंदन केलं आणि पट्ट्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

विसरून टाकल्या असं आजवर स्वतःला सांगत आलो. पण दोन आठवड्यांनी इंजिन परत चढवताना तू विचारलंस, ‘अरविंदराव, इथे काही होतं का हो? हाताला काहीतरी कमी लागतंय.’ मी यादी वर धरली आणि म्हणालो, ‘यादीत नाही.’ तू म्हणालास, ‘तुम्ही पाहिलंत ना, मग झालं.’ आणि बोल्ट आवळलेस. तेव्हा पट्ट्या माझ्या कंपासपेटीत होत्या आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

गाडी थोडी नीट चालायची नाही, तुझी थोडी फजिती होईल, अबोली बघेल, एवढंच मला हवं होतं. मूर्ती गाडीत ठेवणार आहेत हे मला नंतर कळलं. तरीही मी बोललो नाही. मूर्ती कलंडली, हात मोडला, बायका पुटपुटायला लागल्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘डिप्लोमावाल्याच्या हातात दिलं की असंच व्हायचं.’ नंदू, तू त्या वेळी मान खाली घातलीस. मी ती मान रोज बघतो असं म्हटलं तर खोटं होईल. पण बघतो.

रबरं, फ्लायव्हील, सगळी पत्रं मी खोटी लिहिली. तुला चुकीच्या वाटेने पाठवत राहिलो. तू माझ्या शब्दावर दोनदा इंजिन काढलंस.

पट्ट्या या पाकिटात आहेत, पुठ्ठ्याच्या मध्ये. वरच्या दोन बोल्टांवर एकेक. बोल्ट एकदम आवळू नकोस, आळीपाळीने आवळ आणि अबोलीचं गेज लावून बघ. बाकी तुला माझ्याहून जास्त कळतं. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

गाडी विकू नकोस. आणि तुझे हात चांगले आहेत. मूर्ती माझ्याने मोडली.

अरविंद


१६ मे २०१०

नंदू,

तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. मी रोज टपालपेटी उघडत होतो. शिव्या असत्या तरी चालल्या असत्या.

परवा अबोली नाचत घरी आली. गाडी विकली नाही, मामा येतोय, आणि गाडी लोण्यासारखी सुटते! ‘यू नो व्हॉट इट वॉज, बाबा? शिम्स! मामाच्याच टूलबॉक्सच्या तळाशी सापडल्या. म्हणतो, माझाच वेंधळेपणा, सात वर्षं बुडाखाली होत्या. इजन्ट ही हिलेरियस?’

शुभदाने साखर वाटली. मी खुर्चीत बसून राहिलो.

तुला वाटलं असेल, अरविंदरावांची अब्रू राखली, लेकीच्या नजरेतून उतरू दिलं नाही. नंदू, मला आयुष्यात इतका मत्सर कधी वाटला नव्हता. अॅडमिशनच्या दिवशीही नाही. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्या रविवारी सकाळी फोनवर सगळं सांगून मोकळा झालो असतो, आणि तू माझी चोरी स्वतःच्या अंगावर घेऊन वर हसतोस. गाडी तुझी, पोरगी तुझी, आता मोठेपणाही तुझाच? मला काही ठेवशील की नाही?

तुझ्या मेहेरबानीखाली मला माझ्या मुलीचं लग्न करायचं नव्हतं. म्हणून काल सकाळी तिला बसवलं आणि सांगितलं. सगळं, पेन, पाकीट, यादी, पत्रं. मनाच्या चांगुलपणाने सांगितलं असं समजू नकोस. जळफळाटाने सांगितलं.

मला वाटलं ती उठून जाईल. मग एकच प्रश्न विचारला. ‘बाबा, तुम्ही त्या फेकून का नाही दिल्या? व्हाय डिड यू कीप देम?’

मी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, ‘फाइंड आउट. अँड टेल हिम, नॉट मी.’ कोट घातला आणि स्वतःच्या कंडोवर, तिच्या फ्लॅटवर, निघून गेली. आज सकाळपासून तिने फोन केलेला नाही. तुला केला असेल, आज रविवार आहे.

मी काल दुपारभर विचार केला. ठेवल्या, कारण एक दिवस मीच त्या बसवणार होतो. तू हरून बसला असतास, सगळे उपाय संपले असते, आणि मी बाह्या सरसावून गॅरेजमध्ये आलो असतो. बोट लावून म्हणालो असतो, इथे बघ. गाडी सुटली असती आणि अबोली माझ्याकडे वळून ओरडली असती, ‘बाबा!’ तुझ्याकडे बघून ओरडायची तसं. एवढ्यासाठी सात वर्षं पेटीत ठेवल्या. पण त्यासाठी आधी तू इथे असायला हवा होतास, आणि तुला तर मीच घालवलं.

तू क्षमा करावीस असं मी लिहीत नाही. तू लगेच करशील आणि मला परत पोटात दुखेल.

लग्नाला ये. मंडपात तिला तूच आण. मला ते बघवणार नाही, पण मी समोर उभा राहून बघेन.

अरविंद


२७ जून २०१०

नंदू,

सुखरूप पोहोचलास असं ताईने सांगितलं. ट्रेलरची दोरी वाटेत सैल झाली नाही ना?

लग्नाच्या गडबडीत आपण दोघे एकटे असे बोललोच नाही. तू आलास, पाया पडलास, ‘कसे आहात?’ म्हणालास, मी ‘बरा’ म्हणालो. पत्रांचा विषय तू काढला नाहीस आणि मलाही धीर झाला नाही. अबोली माझ्याशी गोड वागली, पण लग्नघरात सगळेच गोड वागतात, त्यातून काही कळत नाही.

तू तिला मंडपात घेऊन आलास ते मी बघितलं. कबूल केल्याप्रमाणे समोर उभा राहून. तिने तुझा दंड दोन्ही हातांनी धरला होता आणि तू तिच्या कानात काहीतरी म्हणालास, ती हसली. काय म्हणालास ते मला कधीतरी सांग. अक्षता मी जरा जोरातच टाकल्या.

पण लिहायचं आहे ते पाठवणीचं. नवरानवरी गाडीत बसली, मागे वरातीच्या बाराचौदा गाड्या उभ्या, आणि तू दार धरून जो रडायला लागलास तो थांबेचना. साठीला आलेला माणूस! ताईने रुमाल दिला, नंदन खाली उतरायला लागला. मग तू किल्ली काढून माझ्या हातात कोंबलीस. ‘अरविंदराव, मला समोरचं दिसत नाहीये. तुम्ही घ्या.’

मी चाळीस वर्षांत क्लच दाबला नव्हता. त्या गाडीच्या पुढच्या सीटवर तर मी कधी बसलोही नव्हतो, तुला तरी आठवतं का? तू कधी नाही म्हणाला नाहीस, मीच कधी विचारलं नाही. आणि हॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडायचा तो चढ. मी पहिला गिअर टाकला, डोळे मिटले, हे अबोलीला सांगू नकोस, आणि पाय हळूहळू सोडला.

गाडी निघाली. काही झालं नाही. हादरा नाही, थरथर नाही, पायाखाली फक्त निघाल्याचं कळलं. असं सुटायचं असतं होय! सात वर्षं मी हे दोन पट्ट्यांबरोबर पेटीत बंद करून ठेवलं होतं, हे मला तेव्हा पायातून कळलं. यादीतून नाही.

हॉटेलपर्यंत सहा सिग्नल लागले. सहाही लाल. प्रत्येक वेळी थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. दुसऱ्या गिअरच्या वर मी गेलोच नाही, मागे वरात भोंगे वाजवत होती, कुणीतरी हिंदीत ओरडलंही. मला पर्वा नव्हती. चौथ्या सिग्नलला सुटलो तेव्हा मागून अबोलीने पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘स्मूथ, बाबा. व्हेरी स्मूथ.’

ती शाबासकी तुझी होती. हाऊसिंग तू बसवलंस, बोल्ट तू आवळलेस, गेज तिने लावलं. मला ते ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. खरं तर मी तसं म्हणायला हवं होतं.

मी ‘थँक यू, बेटा’ म्हणालो आणि ती ठेवून घेतली. नंदू, ती मी तुला देणार नाही.

तुझा,
अरविंद